सरकारचा सारा आणि रयतेचे राहणीमान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याच्या फाटकापुढे पहिली पाळी सुटण्याच्या वेळेस आमची सभा चालली होती. विषय बोनसचा होता आणि बोलणे रंगात आले होते. एवढ्यात मागच्या बाजूने एक तरुण कामगार पगाराची चिठ्ठी उंच धरून ओरडला, "भाऊ, बोनसचं मागनं बघू. हे पी. टी. म्हणून दर महिन्याला कापतात ते कुणाच्या घरी जातं, तेवढं आधी सांगा!" सभेत हशा पिकला. पी. टी. म्हणजे व्यवसाय कर, एवढे आम्हांला ठाऊक होते. तो कधी बसविला आणि कशासाठी, हे ठाऊक नव्हते. "बघून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

फाटकावरच्या सभेत उत्तर न येणे ही संघटकाच्या जिव्हारी लागणारी गोष्ट आहे. मालकापुढे निरुत्तर झाले तर पुढची तारीख मागून घेता येते; आपल्या माणसांपुढे निरुत्तर झाले तर पुढची सभा विरळ भरते. आमचे शाळेतले शिक्षण सांगण्याजोगे नाही. जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा सवयीप्रमाणे तिकडेच वळलो. शोधावयास गेलो एका कराचे मूळ, आणि मागे मागे जाता जाता येऊन पोहोचलो १८३० सालच्या इंदापूर तालुक्यात. त्या वाटेत जे हाती लागले ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

सरकारचा पसारा वाढला, कर वाढले, की जनतेचे राहणीमान खालावते, असे एक मत आहे. उलट, सरकारने कर घ्यावेत आणि त्यांतून शाळा, दवाखाने, पाटबंधारे काढावेत, म्हणजेच गरिबाचे राहणीमान वाढते, असे दुसरे मत आहे. आम्ही कामगार चळवळीतले; आमचा ओढा कोणत्या बाजूस असेल हे सांगावयास नको. परंतु मते बाजूस ठेवून जमाखर्चाच्या वह्या उघडल्या म्हणजे दोन्ही पक्षांची थोडी थोडी फजिती होते. या वह्या उघडण्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये, इंदापूर आहे. आज उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे तेथे ऊस दिसतो; पण धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यापूर्वीचा इंदापूर म्हणजे बेभरवशाच्या पावसाचा, ज्वारीबाजरीचा मुलूख. दोन नद्या उशाशी असून शेत कोरडे. महाराष्ट्राच्या सारावसुलीचा सगळा इतिहास या एका तालुक्याच्या अंगावर उमटलेला आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महसूल मक्त्याने देण्याची चाल पडली होती. जो अधिक बोली बोलेल त्याला परगणा मिळे. मक्तेदाराला पुढच्या वर्षाची शाश्वती नसे, म्हणून तो याच वर्षी पिळून घेई. १८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन साहेबाने मक्ते बंद केले, पगारी मामलेदार नेमले, पावत्या आल्या, हिशेब आले. रयतेला हायसे वाटले असले तर नवल नाही. मात्र नव्या सरकारच्या कचेरीत एक खोड होती. पेशव्यांच्या दप्तरात कागदावर जो आकार लिहिलेला असे तो पूर्वी क्वचितच पुरता वसूल होत असे. पाटलाने रडावे, मामलेदाराने ऐकावे, असा रिवाज होता. कंपनीच्या कारकुनाने कागद खरा मानला.

पुढे या कागदालाही शास्त्राचा आधार पाहिजे असे ठरले आणि प्रिंगल नावाच्या मुंबई सिव्हिल सर्व्हिसमधील तरुण अधिकाऱ्याकडे पाहणीचे काम आले. १८२४ ते १८२८ या वर्षांत त्याने पुण्याकडील जमिनी मोजल्या व प्रती लावल्या. त्याचा हिशेब असा: शेतात एकंदर पिकते किती ते काढावयाचे, त्यातून बी, बैल, औत, मजुरी यांचा खर्च वजा करावयाचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न. त्या निव्वळ उत्पन्नातील शेकडा ५५ सरकारचे व ४५ रयतेचे. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने खंडाचा जो सिद्धांत मांडला त्याच्याशी हे तंतोतंत जुळते. कागदावर यात अन्याय कोठे दिसत नाही. खर्च वजा करूनच वाटणी मागितली आहे, मग रयतेने कुरकुर का करावी?

ज्याने कारखान्यात कामाचे दर ठरताना पाहिले आहेत त्याला याचे उत्तर लगेच सुचेल. आमच्याकडे घड्याळ घेऊन एक माणूस यंत्रापाशी उभा राहतो आणि एका नगाला किती मिनिटे लागतात ते टिपून घेतो. तो उभा असतो त्या वेळी पट्टा तुटत नाही, वीज जात नाही, कामगाराचे पोर आजारी नसते. प्रिंगलच्या हिशेबातील शेतही तसलेच. बैल कोणत्या वर्षी मरावा, बाजरीवर टोळ कधी पडावा, लेकीचे लग्न कधी निघावे, हे निव्वळ उत्पन्नाच्या रकान्यात बसत नाही. त्यात मोजणी आणि प्रतबंदी ज्या हाताखालच्या लोकांनी केली त्यांच्यावर देखरेख अपुरी होती. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन हलक्या प्रतीत गेली, आणि ज्याच्यापाशी देण्यास काही नव्हते त्याची बरड जमीन वरच्या प्रतीत चढली.

१८३० च्या सुमारास ही आकारणी इंदापुरात लागू झाली, आणि नेमके याच काळात धान्याचे भाव पडले. सारा रोख रुपयांत द्यावयाचा. ज्वारी स्वस्त झाली तरी सारा स्वस्त होत नाही. मग दरसाल सूट देण्याची पाळी आली. आकार मोठा लिहावयाचा, तो येत नाही म्हणून सूट द्यावयाची, आणि सूट कोणाला किती हे कचेरीने ठरवावयाचे; यातून कोणाची चलती झाली हे सांगावयास पाहिजे असे नाही. वसुलीसाठी रयतेचे हाल केले गेले, छळाचे प्रकार घडले, लोक घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाले आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी एक तृतीयांशच वहितीखाली उरली, हे कोणा विरोधकाने लिहिलेले नाही. मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन-अहवालात ते नमूद आहे. चाळीस वर्षे लोटल्यावर सरकारला स्वतःचे पाप लिहून काढण्यास हरकत वाटत नाही, हा अनुभव त्या वेळचा आणि आजचाही.

राहणीमान खालावते म्हणजे प्रत्यक्षात काय होते, ते येथे पाहण्यासारखे आहे. प्रथम माणूस जनावर विकतो. जनावर गेले की शेणखत गेले. खत गेले की पीक उतरते. मग चांगली जमीन ठेवून हलकी जमीन पडीक टाकतो, आणि शेवटी गाव टाकतो. सरकारने त्याचे ५५ मागितले म्हणून तो ४५ वर जगू लागला असे होत नाही. त्याचे शंभरच उतरत जातात.

१८३५-३६ साली गोल्डस्मिड हा सहायक कलेक्टर आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर, या दोघांनी इंदापूर पुन्हा मोजावयास घेतला. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडून दिला. काळी, तांबडी व बरड अशा तीन जाती, प्रत्येकीच्या तीन प्रती, अशा नऊ प्रती केल्या; आणि दर ठरविताना पूर्वी प्रत्यक्ष वसूल किती होत आला, पाऊस कसा, बाजार किती लांब, हे पाहिले. दर उतरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तीस वर्षांसाठी कायम केले. या मुदतीत रयतेने विहीर खणली, ताल घातली, तर त्याबद्दल सारा वाढावयाचा नाही. जे शेत झेपत नसेल ते वेळेवर कळवून सोडून द्यावयास मोकळीक.

याचा परिणाम थोड्याच वर्षांत दिसला. पळालेली कुळे परतली, पडीक जमीन नांगराखाली आली, आणि दर कमी करूनही सरकारचा वसूल वाढला, कारण सारा देणारी जमीन वाढली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर आज आपण जे 'आकार' म्हणून वाचतो त्याची वंशावळ या इंदापूरच्या मोजणीपर्यंत पोहोचते.

पहिल्या मताच्या लोकांना हे उदाहरण फार आवडेल. कर उतरविला, राहणीमान चढले, तिजोरीही भरली. आणखी काय पाहिजे? आम्हांलाही ते खोटे म्हणता येत नाही. फक्त एवढेच ध्यानात ठेवले पाहिजे की इंदापूरच्या रयतेला विंगेटने दोन वस्तू दिल्या. एक हलका दर आणि दुसरी शाश्वती. दर हलका असून पुढच्या वर्षी काय होईल याचा भरवसा नसेल तर विहीर कोणी खणत नाही. हंगामी कामगाराला विचारा. पगार वाढवून दिला तरी तो घराला पत्रे घालीत नाही, कारण पुढच्या महिन्याचा पत्ता नसतो.

ही तीस वर्षे संपली १८६६ साली. मधल्या काळात सरकार झपाट्याने वाढले होते. १८५४ मध्ये बांधकाम खाते निघाले, १८५५ मध्ये शिक्षण खाते निघाले. या वाढीबद्दल तक्रार नाही. परंतु १८५७ च्या उठावाच्या बंदोबस्ताचा खर्च हिंदुस्थानच्या खात्यावर टाकण्यात आला आणि कर्ज थोड्या वर्षांत दुपटीच्या घरात गेले. रेल्वे कंपन्यांच्या विलायती भागीदारांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी होती. रेल्वे तोट्यात चालली तर ती भरपाई तिजोरीतून. गोऱ्या फौजेचा पगार, निवृत्तिवेतने, लंडनमधल्या कचेरीचा खर्च, हे सगळे पौंडांत. हे पैसे कोठून तरी यावयास पाहिजेत, आणि जमीनमहसूल हेच सरकारचे सर्वांत मोठे उत्पन्न होते. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ च्या आकड्यांवरून माणशी वार्षिक उत्पन्न काढले ते २० रुपये भरले. तुरुंगातील कैद्याच्या पोटापाण्यावर होणारा खर्चही त्याहून अधिक होता, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले.

अशा वेळी इंदापूरची फेरपाहणी झाली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि येथे कापसाबरोबर धान्याचेही भाव भडकले होते. या तेजीच्या भावांकडे पाहून नवे दर ठरले. इंदापूर, भीमथडी, हवेली अशा तालुक्यांत सारा भरमसाट वाढला. युद्ध संपले, भाव कोसळले, पण सारा चढला तो चढलाच. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली होती. तिने गावोगाव चौकशी करून शेतकऱ्यांच्या स्थितीचा अहवाल तयार केला. १८७४ मध्ये सरकारला मर्यादा घालून घ्यावी लागली: तालुक्याचा एकंदर सारा शेकडा ३३ हून, एका गावाचा ६६ हून, आणि एका खातेदाराचा १०० हून अधिक वाढवू नये. एका खातेदाराचा सारा दुप्पट करण्यापर्यंत मोकळीक ठेवणे हीच जेथे सवलत, तेथे आधी काय चालले असेल याची कल्पना करावी.

रयतेने हा सारा भरला कसा? सावकाराकडून. हप्त्याची तारीख पीक विकण्याची वाट पाहत नाही. सावकार रुपये मोजतो, सरकारची पावती मिळते, आणि सावकाराच्या पेटीत खत जाते. विंगेटच्या पद्धतीने जमीन विकण्यासारखी झाली होती, म्हणून ती गहाण ठेवण्यासारखीही झाली होती. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, आजच्या बारामती तालुक्यात, लोकांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून खते जाळली. पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. इंदापूर त्यात होताच. चमत्कार असा की लोकांनी मामलेदाराची कचेरी जाळली नाही. सरकारचा हात सावकाराच्या बाहीत होता, तो दिसत नव्हता. ज्या सालात ही खते जळत होती त्याच सालात माधवराव रानड्यांनी पुण्यात वसंतव्याख्यानमाला सुरू केली. ते अजून न्यायमूर्ती व्हावयाचे होते. शहाण्या माणसांनी एकत्र बसून देशाच्या अर्थव्यवहाराबद्दल बोलावे, ही गरज त्या वर्षी हवेतच होती असे म्हणावयास हरकत नाही.

येथपर्यंतचा इतिहास असा की सरकार जास्त घेते म्हणून रयत खालावते. पुढच्याच वर्षी याच मुलखाने दुसरी बाजू दाखविली. १८७६ साली पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. लोक खडी फोडू लागले. परंतु वरिष्ठांचा कटाक्ष काटकसरीवर होता. सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालू नये, मजुरी जितकी कमी देता येईल तितकी द्यावी, म्हणजे खरे गरजू तेवढेच कामावर येतील, अशी विचारसरणी होती. सर रिचर्ड टेंपल याने १८७७ च्या आरंभी पुरुषामागे रोजचे धान्य एक रत्तलावर आणले, वर अर्धा आणा. एक रत्तल म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची. तेव्हा इलाख्यात हजारो लोकांनी कामे सोडली. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे लिहिले. आम्ही संपाचा इतिहास सांगताना मुंबईच्या गिरण्यांपासून, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या १८८४ च्या सभेपासून, सुरुवात करतो. लोखंड्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु त्याच्या सात वर्षे आधी, पोटात अन्न नसलेल्या माणसांनी अन्नाच्या कपातीविरुद्ध हत्यारे खाली ठेवली, तो संप आमच्या कोणत्याच व्याख्यानात येत नाही, आणि आमच्याही येत नव्हता.

सारा घेताना सरकार थोर आणि देताना लहान, अशी ही स्थिती. सरकार आकुंचित ठेवले म्हणजे लोक सुखी होतात असे म्हणणाऱ्यांनी १८७७ सालची ती एक रत्तल ज्वारी तागडीत टाकून पाहावी.

सरकारलाही काही उमजले. १८७८ साली असे ठरले की दरसाल दीड कोट रुपये दुष्काळासाठी बाजूस काढावयाचे, आणि त्यासाठी नवे कर बसविले. व्यापाऱ्यांवर व धंदेवाल्यांवर परवान्याचा कर हा त्यांपैकीच. दुष्काळासाठी राखीव निधी म्हणून लोकांना आश्वासन दिले गेले. तेवढ्यात लॉर्ड लिटनच्या सरकारने अफगाणिस्तानशी युद्ध सुरू केले. कर चालू राहिले. दुष्काळाचा पैसा बाजूस पडण्याऐवजी काबूलच्या स्वारीच्या कामी आला. यावर हिंदी लोकांनी फार ओरड केली आणि ती पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली, कारण हा विश्वासघात होता.

महात्मा जोतीराव फुल्यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने धरली. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेऊन लोकल फंड काढला होता. त्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांस व एक हिस्सा शाळांस. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितले की सरकारचे उत्पन्न बहुतेक रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. तेव्हा बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. कर घेऊच नका, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्याच्याकडून घेता त्याच्या पोराला शाळा काढा, असे होते. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ साली पुरा केला. आम्हांला या विषयावर जे म्हणावयाचे आहे ते त्यांनी आमच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षे म्हणून ठेवले आहे.

मिठाच्या कराविषयी फार सांगत बसत नाही. तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. एवढेच की ब्रह्मदेशाची स्वारी आणि रुपयाचा घसरता भाव यांमुळे १८८८ साली मणामागे दोन रुपयांचा कर अडीच रुपये झाला, नामदार गोखले १९०२ पासून कौन्सिलात त्यावर बोलत राहिले, १९०३ मध्ये तो दोनवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. आणि प्रत्येक उताराबरोबर देशातील मिठाचा खप चढला. म्हणजे तोपर्यंत माणसे मीठही हात राखून खात होती. १९४७ साली हा कर गेला. आजही साध्या मिठावर जीएसटी नाही.

स्वातंत्र्यानंतर आमच्या चळवळीला वाटे की श्रीमंतावर कर जितका जड तितके चांगले. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा वरचा दर अधिभारासह शेकडा ९७.७५ होता. तेव्हा टाळ्या वाजविणारे जुने कार्यकर्ते आम्ही पुढे पाहिले आहेत. पण रुपयातील सव्वादोन पैसे हातात राहणार असतील तर रुपया दाखवितो कोण? पैसा काळ्या बाजारात गेला. वांच्छू समितीने १९७१ मध्येच दर उतरविण्याची शिफारस केली होती, आणि १९७४-७५ पासून ते उतरू लागले. प्रिंगलच्या इंदापुरात गरीब रयत गाव सोडून पळाली. येथे पैसा पळाला. आमच्या काही मित्रांना हे आमच्या तोंडून ऐकणे आवडणार नाही, पण वहीत जे आहे ते आहे.

आता पी. टी.

बहात्तरचा दुष्काळ अजून पुष्कळांच्या घरात बोलण्यात येतो. मिलो ज्वारी, सुकडी, खडी केंद्रे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता: गावात जो काम मागेल त्याला काम द्यावयाचे. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा पाहिजे होता. म्हणून १९७५ साली शहरातील पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्यावर व्यवसाय कर बसला. बागायती जमीन, वाहने, विक्री यांवरही थोडे थोडे जादा घेतले, आणि जेवढे गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालावयाची असे ठरले. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. स्त्री-पुरुषांना कामाचा दर एकच. २००५ साली केंद्राने सगळ्या देशासाठी असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

यात सगळे सुरळीत झाले असे नव्हे. मस्टरवर खोटी नावे लागली, मापे कमी धरली गेली, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते आम्ही स्वतः पाहिले आहेत. कराचा सगळा पैसा हमीच्या निधीत पोहोचला नाही, अशी तक्रारही वारंवार झाली. १८७८ सालच्या निधीची आठवण असणाऱ्याला ती तक्रार हलकी वाटणार नाही. तरी पण काबूलला गेलेला पैसा आणि पाझर तलावात गेलेला पैसा यांतला फरक उरतोच.

ही सगळी माहिती वहीत उतरून घेऊन आम्ही महिनाभराने त्याच फाटकावर गेलो. तो तरुण पुढेच उभा होता. आम्ही १९७५ सालापासून सांगावयास सुरुवात केली, तोच इंदापूरकडचा एक जुना फिटर, ज्याला सगळे नाना म्हणत, मध्येच बोलला. त्याला निवृत्त व्हावयास थोडे दिवस उरले होते. "मला विचारायचं की," तो म्हणाला. "माझी आई त्या पैशावर पाझर तलावाची माती वाहत होती. ऐंशी सालाच्या आसपास. त्या पगारातनं मला आयटीआयला घातला."

काही वेळ कोणी बोलले नाही. आम्ही वही मिटली. तिच्यातील आकड्यांचे काम झाले होते.

तरुणाने चिठ्ठीकडे पुन्हा एकदा नजर टाकली. "ते कळलं, नाना," तो म्हणाला. "पण दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, ते का?"

"वर्षाचे अडीच हजार आहेत," नाना म्हणाला. "बारानं भागून बघ."